सोडलेल्या वस्तूंचं टेबल

आमच्या आणि कौसामावशीच्या घरात भिंत एकच होती. मातीची, जागोजाग पोपडे आलेली. तिच्यातून सगळं ऐकू यायचं. मावशीची सून भाकरी थापायची तेव्हाच्या तिच्या बांगड्या, तिच्या नवऱ्याचं, भीमाकाकांचं घोरणं, दुधाला टपलेल्या मांजराला हाकलणं, सगळं. पहाटे तिकडं हंडा हलला की इकडं माझी माय उठून चूल पेटवायची. आमच्याकडं घड्याळ होतं, पण ते माझ्या वडिलांनी, दादांनी गवंड्याच्या हाताखाली कामाला जाताना बघायचं. मायला त्याची गरज नव्हती. त्या वर्षी मावशी ऊसतोडीहून परतली ती खोकला घेऊन. मग हंड्याच्या आधी खोकला ऐकू यायला लागला. आधी कोरडा, मग ओला, मग बराच वेळ काहीच नाही. मी पुस्तक उघडून बसलेली असायचे आणि पान न उलटता तो पुन्हा कधी सुरू होतो याची वाट बघायचे. माय म्हणायची, "तुझं ध्यान भिंतीकडंच हाय. कॉलेजात हेच शिकवतेत व्हय?"

हे मी का लिहिते आहे ते आधी सांगायला हवं. माझं वय आता पन्नाशीकडं झुकलं आहे आणि मी पुन्हा कॉलेजात जाते. तेव्हा लग्नामुळं अर्धवट राहिलेलं शिक्षण मुक्त विद्यापीठातून पुरं करते आहे. वर्ग एक रविवार आड असतो, त्यामुळं महिन्यातल्या दोन उपासना बुडतात आणि त्याची मला अजून टोचणी लागते. मराठीच्या बाईंनी सांगितलं, तुमच्या तरुणपणाचा एक तुकडा लिहा, सगळं आयुष्य नको. वर्गातल्या मुली माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत, त्या भराभर लिहितात. मला मोठे शब्द येत नाहीत. पण तो एक उन्हाळा आणि त्याच्या पुढचा पावसाळा मला लख्ख आठवतो, म्हणून तोच लिहिते.

धारूरच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती. वीसेक घरं, आणि त्यांच्या टोकाला पत्र्याची एक लांबट खोली. ते आमचं देऊळ. आम्ही ख्रिस्ती लोक देऊळच म्हणायचो. बाहेरच्या कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्यावर लोखंडी सळईनं ठोके दिले की उपासना सुरू. आत सतरंजी, पुढं एक लाकडी टेबल, भिंतीशी ढोलकी आणि पेटी. दादा ढोलकी वाजवायचे. भजन रंगलं की पत्रासुद्धा त्यांच्या थापेबरोबर थरथरायचा. उपासना संपली की बाया स्टोव्हवर चहा ठेवायच्या आणि मोठ्या पातेल्यात सुशीला व्हायची, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना मिरची-शेंगदाण्याची फोडणी दिलेली. अजूनही कुठं त्या फोडणीचा वास आला की माझ्या कानात आधी भजन वाजतं.

पाळकसाहेब केजवरून मोटरसायकलवर यायचे, पण एक रविवार आड. मधल्या रविवारी उपासना चालवायचे मंडळीचे पंच, योहानबापू. पांढरं धोतर, खणखणीत आवाज, आणि मंडळीवर जीव. त्या वर्षी आम्हा पाच-सहा तरुण पोरांचं दृढीकरण व्हायचं होतं, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद व्हायचा विधी. त्याआधी पाळकसाहेबांनी आम्हाला आत्म्याच्या दानांबद्दल शिकवलं. शास्त्रातली यादी माझ्याकडून वाचून घेतली, कारण न अडखळता वाचणारी वस्तीत मीच होते. ज्ञान, विश्वास, रोग बरे करणं, अद्भुत कामं, शिकवणं, निरनिराळ्या भाषा. मग ते म्हणाले, "दान म्हणजे बक्षीस नव्हे. बक्षीस जिंकणाऱ्याचं असतं. दान हाती देतात ते पुढं पोचवायला. तुम्हाला काय दिलंय ते प्रार्थना करून शोधा आणि दृढीकरणाच्या दिवशी मला सांगा."

माझा धाकटा भाऊ शमू लगेच म्हणाला, "माझं सापडलं, साहेब. चहा उकळला की मला न बघता कळतं." सगळे हसले. मीही हसले, पण घरी आल्यावर मला झोप लागेना. शमू दादांसारखी ढोलकी वाजवायचा. आमच्यातली मार्था गायची. मला सूर नाही, चार लोकांपुढं उभं राहायची हिंमत नाही. कॉलेजातही मी शेवटच्या बाकावर बसायचे. दहावीच्या पुढं गेलेली आमच्या घरातली मी पहिली, पण ते फी भरून मिळालेलं. देवानं दिलेलं माझ्याकडं काय होतं?

आणि मग ते मिळालं, किंवा मिळालं असं वाटलं. योहानबापूंचा नातू तापानं फणफणला होता, पाळकसाहेब नव्हते, शास्त्र वाचणारी म्हणून बापूंच्या घरच्यांनी मला प्रार्थनेला बोलावलं. मी पोराच्या कपाळावर हात ठेवला आणि घाबरत चार वाक्यं बोलले. सकाळी पोर अंगणात खेळत होतं. पुढच्या रविवारी बापूंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "करुणाच्या हाताला दान हाय." बस्स. डोकेदुखीवाले आले, पाठदुखीवाले आले, म्हैस दूध देत नाही म्हणून एक जण आला. बापूंची बायको, जी मायला म्हणायची की पोरगी शिकवून काय वकील करतीस का, ती मला करुणाताई म्हणू लागली. चहाचा पहिला कप माझ्यापुढं यायचा. मला ते आवडत होतं. लई आवडत होतं. हे लिहिताना आज लाज वाटते, पण न लिहिणं खोटं होईल.

कौसामावशीला उपकेंद्रात मीच घेऊन गेले होते. थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. तिथल्या सिस्टरनी गोळ्यांची पाकिटं दिली आणि मला समोर बसवून समजावलं, कारण मावशी खाली मान घालून बसली होती. कोर्स सहा महिन्यांचा. लघवी तांबडी होईल, घाबरायचं नाही. दोन महिन्यांत खोकला थांबेल, आणि तिथंच सगळे फसतात. मधेच सोडलं तर रोग परत येतो, आणि मग या गोळ्यांना तो दाद देत नाही. मी मान डोलावली. त्या दिवसापासून रोज सकाळी मी मावशीच्या दारात जायचे. ती गोळ्या गिळायची, मी शेजारी चटईवर बसून प्रार्थना करायचे, मग कॉलेजच्या गाडीसाठी धावायचे. दोन महिन्यांनी भिंतीपलीकडचा खोकला थांबला. एका पहाटे मला हंड्याचाच आवाज आला, आणि मी अंथरुणात बसून रडले.

आमच्या मंडळीत एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या मंडळीत पाहिली नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा साक्षीचा रविवार असायचा. देवाच्या मदतीनं ज्यानं जे सोडलं असेल ते त्यानं पुढं येऊन टेबलावर ठेवायचं आणि साक्ष द्यायची. तंबाखूची चंची, बिडीचं बंडल, दंडावरून तोडलेला ताईत, एकदा तर पत्त्यांचा कॅट. उपासना झाली की बापू सगळं टोपलीत भरून निंबामागच्या खड्ड्यात जाळायचे. ठेवलेली वस्तू माघारी न्यायची नाही, हा नियम. तिला कोणी हातही लावायचा नाही.

त्या रविवारी पाळकसाहेब नव्हते. भीमाकाकांनी बिड्या ठेवल्या, लोक हसले, कारण ही त्यांची तिसरी वेळ होती. "काका, या टायमाला तरी पाकीट रिकामं न्हाई ना?" शमू मागून ओरडला. मग कौसामावशी उठली. हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यावरून पदर. तिनं कमरेची रुमालाची पुरचुंडी सोडली आणि गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवली.

"मला देवानं बरं केलं," ती म्हणाली. "करुणाच्या प्रार्थनेनं. आता मला ह्या गोळ्या नगं."

हालेलुयाचा असा आवाज उठला की पत्रा हलला. बापूंनी माझं नाव घेतलं. सगळी मंडळी माझ्याकडं वळून बघत होती, आणि मी काय केलं? मी बसून राहिले. दादांनी ढोलकीवर थाप मारली, एक भजन झालं, दुसरं झालं. माझी नजर त्या चंदेरी पाकिटांवरून हटत नव्हती. मला सिस्टरचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की मी उठले तर मला मिळालेलं एकुलतं एक दान माझ्याच हातानं जाईल. दोन भजनं मी हा विचार करत होते. देवासमोर बसून.

खड्ड्याभोवती सगळे जमले. बापूंनी टोपली उलटी केली, बाटलीतलं रॉकेल ओतलं आणि खिशात काडेपेटी चाचपू लागले.

"बापू, थांबा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला परत म्हणावं लागलं.

"कावून?"

"मावशीचं पाकीट जाळू नका."

"टेबलावर ठेवलेलं देवाचं झालं, पोरी. माघारी जात न्हाई."

मग बोलण्यात अर्थ नव्हता. मी चप्पल काढली आणि खड्ड्यात उतरले. गुडघाभरच खोल होता तो. बिड्यांच्या आणि चंचीच्या खालून पाकिटं काढली, ओढणीला पुसली. पहिली बोलली ती मावशी. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिचे डोळे भरले होते.

"करुणे, तुझ्याच प्रार्थनेवर तुझा इश्वास न्हाई व्हय?"

मी खड्ड्यातच उभी होते. "मावशी, मी रोज प्रार्थना केली. तूही रोज गोळ्या घेतल्या. तुला कशानं बरं वाटलं ते मला ठाऊक न्हाई. दोन्ही त्याच्याकडूनच आलं असंल. पण अजून चार महिने बाकी हायेत, आणि मधी सोडलं तर तू मरशील. हे मला पक्कं ठाऊक हाय. माझ्या हाताला बरं करायचं दान हाय का, ते पक्कं ठाऊक न्हाई."

"मग इतके दिवस कावून गप होतीस?" बापू म्हणाले.

मी पाकिटं ओढणीत बांधली आणि खड्ड्यातून वर आले.

त्या दुपारी माय भाकरी करत होती आणि मी ताटापुढं बसले होते. "हात अजून धू," ती म्हणाली. "रॉकेलचा वास येतोय." मी धुऊन आले. ती तव्याकडं बघत म्हणाली, "आता तुझ्याकडं कोन यायचं न्हाई."

"न्हाई आले तर न्हाई आले."

"तुला ताई म्हनत होते ते मला बरं वाटत होतं गं," माय म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मंडळीत बोललं गेलं की अविश्वासानं करुणाचं दान गेलं. बापूंनी निरोप धाडला, पश्चात्तापाची साक्ष दिल्याशिवाय दृढीकरण नाही. मी ठरवलं, जे व्हायचं ते होवो, गोळ्या पुऱ्या करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याचा तांब्या आणि गोळ्या घेऊन मावशीच्या दारात गेले. तिनं पाठ फिरवली. मी उंबऱ्यावर बसले, गाडीची वेळ झाली तशी उठले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी माझी गाडी चुकली, तरी मी बसून होते. "तुला दुसरं काम न्हाई व्हय?" ती आतून म्हणाली. मी म्हणाले, "हाय की. पण ते हे झाल्यावर." सातव्या दिवशी सून पाण्याला गेली होती. मावशी येऊन उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली आणि एक स्टीलचा पेला माझ्यापुढं धरला. त्याच्या काठाखाली लाल दोरा बांधलेला होता.

"ह्यो माझा," ती म्हणाली. "गोळ्या चालू हायेत तवर सून वेगळा ठेवती. ताटबी वेगळं. ती वाईट न्हाई, तिला लेकराचं भ्या वाटतंय. म्हनलं, गोळ्या टेबलावर ठेवल्या की दोरा तरी सुटंल."

वेगळ्या कपाचं दुखणं आमच्या वस्तीला नवं नव्हतं. माझ्या आज्याला गावातल्या हॉटेलात वळचणीला अडकवलेला कप स्वतः घेऊन, स्वतः धुऊन ठेवावा लागायचा, हे मी मांडीवर बसून ऐकलेलं. आणि आता तो कप आमच्याच भिंतीपलीकडं होता. दोन महिने मी त्या चटईवर डोळे मिटून बसले होते. डोळे उघडून एकदा मांडणीकडं बघितलं असतं तर दोरा दिसला असता. दोन महिने नेमानं गोळ्या घेतल्यावर मावशीपासून घरच्यांना धोका उरणार नाही, हेही सिस्टरनी मला सांगितलं होतं. मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण मला कोणी विचारलं नव्हतं.

"मावशी, यात चहा ओत," मी म्हणाले. तिनं नाही नाही म्हणत ओतला. मी तो तिच्यासमोर प्याले. मग तिनं गोळ्या गिळल्या. त्याच दिवशी कॉलेज बुडवून मी मावशीला आणि तिच्या सुनेला घेऊन उपकेंद्रात गेले. बुडालेल्या दिवसांबद्दल सिस्टर मावशीला आणि मलाही रागावल्या, मग सुनेला शेजारी बसवून नीट समजावलं. घरी आल्यावर सुनेनं पेला उचलला, दोरा दातानं तोडला आणि तो पेला बाकीच्या पेल्यांत पालथा घातला. मावशीनं दोरा उचलून कनवटीला लावला.

दृढीकरणाच्या रविवारी पाळकसाहेबांनी बापूंचं सगळं ऐकून घेतलं. मग एकेकाला विचारलं. माझी पाळी आली. "साहेब, बरं करायचं दान माझ्याकडं न्हाई," मी म्हणाले. "मला रोज जाऊन बसता येतं. तेवढंच येतं."

मागं कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी शास्त्र माझ्या हातात दिलं आणि यादी पुन्हा वाचायला लावली. अद्भुत कामं, रोग बरे करणं, आणि त्यांच्याच रांगेत, अर्ध्या ओळीत, साहाय्य करणं. पहिल्या वेळी हा शब्द मीच वाचला होता, पण इतक्या घाईत की तो माझ्याच कानापर्यंत पोचला नव्हता.

"या दानासाठी कोणी उपास धरलेला मी अजून बघितला नाही," साहेब म्हणाले.

"म्हंजे बरं करायचं दान खोटं, साहेब?" बापूंनी विचारलं. त्यांचा आवाज पडला होता. त्यांच्या नातवाचा ताप उतरला होता, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"खोटं कसं असेल, बापू? देव बरं करतोच. कशातून करायचं ते त्याला ठरवू द्या."

साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काही थरथरलं नाही, काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा मावशीच्या दारात होते. श्रावणात होते, पोळ्याला होते, पावसानं वस्तीत चिखल झाला तेव्हा चपला हातात घेऊन होते. पुढं माझ्या आयुष्यात असे पुष्कळ उंबरे आले. सासूबाईंच्या शेवटच्या वर्षी, लेकीच्या बाळंतपणात, आता या अभ्यासातसुद्धा. माझ्याकडं चमकदार असं काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण उद्या सकाळी परत यायचं ठरवता येतं, आणि ठरवलं की मी येते.

डोंगरात सीताफळं पिकली, बायका पाट्या भरून धारूरच्या बाजाराला नेऊ लागल्या, आणि त्याच दिवसांत मावशीची शेवटची गोळी झाली. थुंकी पुन्हा तपासली. काही निघालं नाही. पुढच्याच रविवारी साक्ष होती. पाळकसाहेब त्या दिवशीही नव्हते. भीमाकाकांनी चौथ्यांदा बिड्या ठेवल्या. मग मावशी उठली, तेच हिरवं लुगडं. तिनं टेबलावर गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची एक चळत ठेवली, लाल दोऱ्यानं करकचून बांधलेली. साक्ष न देताच जाग्यावर येऊन माझ्या शेजारी बसली. उपासना संपली. बापू टोपली घेऊन आले, बिड्या टाकल्या, आणि त्या चळतीशी येऊन त्यांचा हात थांबला.

"कौसाबाई, हे जाळायचं का?"

"न्हाई, बापू," मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "हे सोडलेलं न्हाई. हे संपवलेलं हाय."

बापूंनी टोपली खाली ठेवली.